रिकाम्या हातांचा बाजार

महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्यास पाच हजार रुपये दंड ठरला. तरीही भंडारा जिल्ह्यातील आठवडी बाजारांतून वांगी-टोमॅटो पातळ पिशव्यांतूनच घरोघर जातात. दोष एकट्या भाजीवालीचा आहे काय? पाच हजारांचा दंड तिला पेलणारा नाही हे खरे. परंतु तिने पिशवी नाकारताच रिकाम्या हातांनी आलेले गिऱ्हाईक शेजारच्या दुकानाकडे वळते. बंदी ग्राहकासही लागू आहे, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते.

या जिल्ह्यातील कितीतरी धान जुन्या मालगुजारी तलावांच्या पाण्यावर पिकते. पावसाने वाहत आलेली पिशवी पाटाच्या तोंडाशी अडकते, नाहीतर बांधीच्या चिखलात जाऊन बसते आणि वर्षानुवर्षे कुजत नाही. उकिरड्यावरील पिशवी गाईच्या पोटात गेली, तर तिच्या जिवावरच बेतते.

मोहाडी तालुक्यात मागांवर कोशाचे वस्त्र विणले जाते. त्याच जिल्ह्यात कापडी पिशवीचे दुर्भिक्ष असावे, हे नवलच! पगारदार मंडळींचा बाजार बहुधा कचेरी किंवा शाळा सुटल्यावर होतो, आणि तो वार सर्वांना आधीच ठाऊक असतो. डब्याच्या पिशवीत आणखी एका पिशवीची घडी सहज मावते.