कॉफीच्या मळ्यातील हिशेब

कॉफीचा विषय हरिशंकरपुरमच्या पत्रकात कशाला, असे काही वाचक विचारतील. आपल्याकडे गहू आणि मोहरी. कॉफीचे झाड ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात एक महिनाही टिकायचे नाही. पण ‘रासायनिक खत सोडले तर शेती परवडते का?’ हा प्रश्न या पानाकडे वारंवार येतो, आणि त्याचे उत्तर लहान कॉफीवाल्याच्या वहीत जितके स्पष्ट दिसते तितके दुसरीकडे क्वचितच दिसेल. शिवाय हे पीक आपल्याला अगदी परकेही नाही. अमरावती जिल्ह्यात मेळघाटच्या माथ्यावर चिखलदरा आहे. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती तिथेच, आणि तेथील मरियमपूर या ख्रिस्ती वस्तीत ती मिशनऱ्यांनी लावली. कर्नाटकातील कोडगू-चिकमगळूरच्या मानाने ती लागवड मूठभरच.

भारतातील कॉफी उत्पादकांपैकी शेकडा ९८ हून अधिक लोक दहा हेक्टरांच्या आतले आहेत. आंध्रातील अरकू खोऱ्यातील आदिवासी कुटुंबांकडे तर एखाद-दोन एकरच असतात. आमचे म्हणणे आहे ते या लोकांविषयी.

आपल्याकडे कॉफी पूर्वीपासून झाडांच्या सावलीत होते. फणस, उंबर, सिल्व्हर ओक वर, खाली कॉफी, आणि वरच्या झाडांच्या खोडांवर मिऱ्याचे वेल. पाला पडतो, कुजतो, त्याचेच खत होते. सावली तोडली की उत्पन्न काही वर्षे वाढते, हे खरे आहे. पण उन्हात उघड्या पडलेल्या अरेबिकाच्या खोडात पांढरी खोडकिडा घालणारा भुंगा अधिक अंडी घालतो. कीड आत गेली की झाड उपटून जाळण्यावाचून गत्यंतर नसते. त्या भुंग्यासाठी खोडांना लिंडेन चोपडत असत. त्याच्या वापरावर भारतात २०१३ पासून बंदी आहे, आणि ते उघड्या हातांनी चोपडणाऱ्या मजुराच्या प्रकृतीचा खर्च कोणी कोणत्या वहीत मांडला होता, हे आम्हांला कधी दिसले नाही.

आता फायद्याचे. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी मानलेले आहेत. शेजारीशेजारी दोन भाऊ, प्रत्येकाचा एक एकर. थोरला खत-औषधांवर १८,००० रुपये घालतो व त्याला २०० किलो कॉफी होते. धाकटा सावली राखतो, शेणखत व पाला वापरतो, बाहेरून ४,००० रुपयांचेच सामान आणतो आणि १५० किलो काढतो. मजुरी दोघांच्याही घरचीच. भाव किलोला ३०० रुपये असला तर थोरल्याच्या हाती ४२,००० उरतात, धाकट्याच्या ४१,०००. म्हणजे सेंद्रिय शेतीने भरघोस फायदा होतो असे सभांतून सांगतात, तसे काही दिसत नाही. उलट तण काढणे, खत वाहणे यात धाकट्याच्या घरची माणसे जास्त राबली, आणि त्यात बहुतेक त्याची बायकोच. ती मजुरी धरली तर तो मागेच पडेल. हे लपवून सेंद्रिय शेतीचा प्रचार करणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

पण भाव निम्म्यावर आला तर? थोरल्याकडे १२,००० राहतात, धाकट्याकडे १८,५००. थोरल्याचे खत उधारीवर आलेले असते. त्याचे बारा हजार घरी येण्याआधीच दुकानदार दारात उभा. धाकट्याचे श्रम वाया गेले, पण तो कोणाचे देणे लागत नाही.

भाव निम्म्यावर येणे ही कॉफीत कल्पनेतली गोष्ट नाही. १९८९ मध्ये निर्यातदार व ग्राहक देशांमधील कोटा पद्धत मोडली आणि जागतिक भाव कोसळला. २००१ मध्ये न्यूयॉर्कला अरेबिका पौंडाला ५० सेंटच्याही खाली गेली. आपल्याकडे १९४२ च्या कायद्यापासून सगळी कॉफी कॉफी बोर्ड एकत्र घेऊन विकत असे. १९९६ पर्यंत ती पद्धत पूर्ण संपली, आणि आता बाजाराचा धक्का थेट लहान माणसापर्यंत पोचतो. मग ब्राझील व व्हिएतनामचे पीक बिघडले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तोच भाव ४ डॉलरच्या वर गेला. अशा तेजीतच सावलीची झाडे विकून खताची पोती आणण्याचा मोह होतो. आमचे स्पष्ट मत आहे की शेतीची पद्धत पडत्या भावाच्या वर्षावरून ठरवावी, तेजीच्या वर्षावरून नव्हे. पंचवीस वर्षांचे झाड तोडायला एक दुपार पुरते.

जादा भावाचे काय? सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी कॉफीसारख्या बहुवार्षिक पिकाला तीन वर्षे थांबावे लागते. त्या तीन वर्षांत माल सेंद्रिय, भाव मात्र साधा. एकट्या एकरवाल्याला तो काळ आणि तपासणीचा खर्च झेपत नाही. म्हणून गटाने प्रमाणपत्र घेण्याची सोय आहे. लाल फळे व्यापाऱ्याला तशीच विकली तर सुमारे सहा किलो फळांतून एक किलो तयार कॉफी निघते, त्यातला मोठा नफा दुसऱ्याकडे जातो. साल काढण्याचे यंत्र व वाळवण्याचे खळे गटाचे असेल तर हा नफा गावात राहतो.

मेक्सिकोतील वाहाका प्रांतात फ्रान्स व्हान डर हॉफ या डच धर्मगुरूंनी आदिवासी कॉफीवाल्यांबरोबर हेच केले. आधी त्यांची सहकारी संस्था उभी राहिली, आणि मग १९८८ मध्ये हॉलंडमध्ये ‘मॅक्स हावेलार’ या छापाने रास्त भावाची कॉफी विक्रीस आली. हा क्रम उलटा झाला असता तर त्या छापाचा उपयोग व्यापाऱ्यांनाच झाला असता.

म्हणून जे कोणी आपल्या शेतकऱ्यांना खत सोडा म्हणून सांगतात, त्यांना आमचा एकच प्रश्न आहे: मधली तीन वर्षे कोण सोसणार? आम्हांला वाटते, सगळी जमीन एकदम पालटू नये. एक बिघा बाजूला काढावा, आणि त्या बिघ्याचा माल मंडीत एकेकट्याने न नेता चार-पाच घरांनी मिळून न्यावा. ज्यांनी असे सुरू केले आहे त्यांनी दोन हंगामांचा जमाखर्च, घरच्या माणसांच्या दिवसांसकट, लिहून या पानाकडे द्यावा. तोटा झाला असेल तर तोही लिहावा. तो आधी छापू.