डबा दाखवा, काका!

आपल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम कोणताही असो, काव्यवाचन असो, व्याख्यान असो की मराठी भाषा गौरव दिन, शेवट ठरलेला असतो. आभारप्रदर्शन संपायच्या आतच मागच्या दारातून पॅटीसचा वास येतो. एक पॅटीस, मूठभर वेफर्स आणि कपभर चहा. यंदा या अल्पोपाहाराची जबाबदारी माझ्याकडे आली, म्हणून कँटीनच्या काकांना मी सहज विचारलं, "काका, पॅटीसमध्ये तूप कसलं घालतात?" काका हसले. "बाय, ते आमी करिनांव, बेकरींतल्यान येतात." बेकरीत विचारलं तर उत्तर आलं, "बटर." कुठलं बटर? "बेकरीचं बटर." विषय संपला!

पण माझ्या डोक्यातून तो विषय गेला नाही. कारण "बेकरीचं बटर" हे बहुतेक वेळा लोणी नसतंच. ते असतं मार्गारिन किंवा वनस्पती तूप, आणि त्यात ट्रान्स फॅट किती आहे हे खाणाऱ्याला कधीच कळत नाही.

ट्रान्स फॅट म्हणजे नेमकं काय? तेल पातळ असतं, कारण त्याचे रेणू कोपरातून वाकवलेल्या हातासारखे असतात. ते एकमेकांना घट्ट चिकटून बसत नाहीत. निकेलच्या साहाय्याने तेलात हायड्रोजन सोडला की ते घट्ट होतं. ही क्रिया अर्धवट थांबवली तर काही रेणू वाकलेले न राहता काठीसारखे सरळ होतात. काठ्यांची मोळी जशी नीट बांधता येते, तसे हे रेणू एकमेकांना लागून बसतात. हेच ट्रान्स फॅट. दूध-तुपातही ते थोडं असतं, पण काळजी आहे ती कारखान्यात तयार होणाऱ्याची.

तेल घट्ट करण्याच्या या पद्धतीचं पेटंट जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ मध्ये मागितलं. १९११ मध्ये अमेरिकेत 'क्रिस्को' बाजारात आलं आणि १९३७ मध्ये आपल्याकडे 'डालडा'. माडाचं चित्र असलेला तो पिवळा डबा आपल्या आजी-पणजीच्या स्वयंपाकघरात होता. तूप परवडत नव्हतं, डालडा परवडत होता. शिवाय तो वनस्पतीपासून केलेला, म्हणजे चांगलाच असणार असं लोकांना वाटलं. त्यात त्यांची काय चूक?

धोक्याची सूचना मात्र लवकर मिळाली होती. फ्रेड कुमेरो या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९५७ मध्येच ट्रान्स फॅटविषयी संशोधन प्रसिद्ध केलं. फारसं कुणी ऐकलं नाही. १९९० मध्ये मेन्सिंक आणि काटान या डच संशोधकांनी दाखवून दिलं की ट्रान्स फॅटमुळे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं आणि चांगलं कोलेस्टेरॉल कमीही होतं. म्हणजे दोन्हीकडून मार. कुमेरो यांनी २००९ मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी, अमेरिकन सरकारकडे बंदीसाठी अर्ज केला. उत्तर येईना म्हणून २०१३ मध्ये ते कोर्टात गेले. २०१५ मध्ये अमेरिकेने निर्णय घेतला तेव्हा कुमेरो शंभरीत होते! इशारा आणि निर्णय यांच्यामध्ये ५८ वर्षं गेली.

आता थोडा हिशोब. दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी २ टक्के उष्मांक ट्रान्स फॅटमधून येऊ लागले, तर हृदयविकाराचा धोका सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो, असं २००६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र पाहून काढलेलं अनुमान आहे. २,००० उष्मांकांच्या आहारात हे २ टक्के म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम, फार तर चहाचा एक चमचा. जागतिक आरोग्य संघटना तर म्हणते की दिवसाला २.२ ग्रॅमच्या आत राहा. म्हणजे अर्धाच चमचा. इतकी छोटी गोष्ट आहे ही, आणि म्हणूनच ती लक्षात येत नाही.

कायदा नाही का? आहे, आणि चांगला आहे. डेन्मार्कने २००३ मध्ये स्निग्ध पदार्थांत ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्के ठरवली. भारतात ती १० वरून ५, मग २०२१ मध्ये ३ आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली. तेल, वनस्पती तूप, मार्गारिन यांना ती लागू आहे आणि त्यांच्यापासून केलेल्या पदार्थांतल्या स्निग्धांशालाही. मग मी कशाला ओरडतेय?

कारण नियम कागदावर असतो आणि पॅटीस आपल्याला वर्तमानपत्राच्या कागदात मिळतं! बिस्किटाच्या पुड्यावर निदान घटक छापलेले असतात. 'हायड्रोजिनेटेड' हा शब्द दिसला तर आपण पुडा परत ठेवू शकतो. काचेच्या कपाटातल्या पॅटीसवर, क्रीम रोलवर, सुट्या खारीवर काय लिहिलेलं असतं? काहीच नाही. खरं म्हणजे माहिती कुठेतरी आहेच. बेकरीच्या मागच्या खोलीत मार्गारिनचा जो मोठा डबा असतो, त्यावर सगळं छापलेलं असतं. पण ते छापील अक्षर मागच्या खोलीतून आपल्यापर्यंत पोचत नाही. माझ्या मते खरी अडचण ही आहे.

"आजकालच्या मुलांना जंक फूडच लागतं" असं मोठी माणसं सहज म्हणतात. मला हे पटत नाही. आपल्या वर्गात सत्तरीहून, काणकोणहून पहाटेची बस पकडून येणारी मुलं आहेत. घरात चूल पेटायच्या आधी ती बाहेर पडलेली असतात. खिशात मोजके पैसे, दोन तासिकांमध्ये दहा मिनिटं. एक पॅटीस आणि चहा हेच त्यांचं जेवण. त्यांच्या जिभेला नावं ठेवून काय होणार? ज्याच्याकडे निवडायला कमीत कमी आहे, त्याच्याच पानात ही न छापलेली वस्तू पडते.

बेकरीवाल्याचीही बाजू आहे. पॅटीसचे पदर सुटायला पिठाच्या थरांमध्ये स्निग्ध पदार्थ घट्ट राहावा लागतो. आपल्या गोव्याच्या मे महिन्यात खरं लोणी ओट्यावरच वितळायला लागतं, आणि त्याची किंमत वेगळीच. पण ट्रान्स फॅट फारच कमी असलेली मार्गारिन आता मिळतात. ती आरोग्यदायी आहेत असं मुळीच नाही, त्यांत संपृक्त चरबी भरपूर असते. तरी दोन वाइटांपैकी कमी वाईट निवडता येतं. म्हणून बेकरी बंद करा असं मी म्हणत नाही. मी म्हणते, डबा दाखवा.

भजी-सामोशांच्या तेलाबद्दलही हेच. कढईतलं तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात घातक संयुगं साठत जातात. त्यांची मर्यादा २५ टक्के असा नियम २०१८ पासून आहे. आपल्याकडे मोजायचं यंत्र नाही, पण डोळे आणि नाक आहे. काळपट, चिकट, फेसाळणारं तेल ओळखायला विज्ञान शाखेत जावं लागत नाही.

आणि गंमत बघा, ही सगळी चर्चा आपण त्या गोव्यात करतोय जिथे पहाटे सायकलचा पोंक-पोंक आवाज करत पोदेर दारात येतो. जेझुइट पाद्रींनी साष्टीतल्या माजोर्ड्याच्या लोकांना पाव करायला शिकवलं असं सांगतात. त्यांचा उंडो काय, पोयी काय, मुख्यतः पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण. त्याला बेकरीचं बटर लागत नाही. चांगला पर्याय रोज सकाळी आपल्या दारावरून जातो आणि आपण अकरा वाजता पॅटीसच्या रांगेत उभे राहतो.

म्हणून मंडळापुढे माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, कोणतं तेल आणि कोणतं मार्गारिन वापरलं हे कँटीनमध्ये फळ्यावर खडूने लिहावं. खर्च शून्य. दुसरी, कँटीनचा करार नवा होईल तेव्हा ही अट त्यात घालावी, अशी विनंती आपण विद्यार्थ्यांनी प्राचार्यांकडे लेखी द्यावी. तिसरी, सुरुवात स्वतःपासून. पुढच्या कार्यक्रमाला पोयी आणि उसळ, सोबत मोयऱ्याची केळी. काही कविमित्र नाराज होतील, याची कल्पना आहे. पण आपल्या मंडळात सर्वांत जास्त कविता हृदयावरच होतात, तेव्हा एवढं तर आपण त्याचं देणं लागतोच.

लेखी विनंतीचा मसुदा मी तयार केला आहे. सह्या हव्या आहेत. पॅटीस खाणाऱ्यांच्या तर आधी.