तीन घरची भागीदारी आणि बाहेर राहिलेला शेतकरी

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील वेळापूर हे गाव महाराष्ट्राला मुख्यतः दोन कारणांनी ठाऊक आहे. एक, तेथील यादवकालीन अर्धनारीनटेश्वराचे मंदिर आणि दुसरे, आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा तेथे पडणारा मुक्काम. याच तालुक्यातील मोटेवाडी, गारवाड आणि निमगावच्या शिवारात मात्र वाइनच्या द्राक्षांचे मळेही उभे राहिले आहेत. त्यांतून तयार होणारी 'फ्रॅटेली' वाइन महानगरांतील उपाहारगृहांत पोहोचली. हे यश सहसा वाइन उद्योगाच्या खात्यावर जमा केले जाते. वस्तुतः ते भागीदारीचे यश आहे. पुणे, मुंबई आणि गोव्यातील लहान बिअर उत्पादक एकमेकांचा हात धरून टिकू पाहत असताना कोणती भागीदारी तगते आणि कोणती बुडते, हे माळशिरसच्या उदाहरणावरून तपासण्याजोगे आहे.

'फ्रॅटेली' या इटालियन शब्दाचा अर्थच 'भाऊ' असा आहे. हा उपक्रम बंधूंच्या तीन जोड्यांनी उभारला. अकलूजचे रणजितसिंह व अर्जुनसिंह मोहिते-पाटील, दिल्लीचे कपिल व गौरव सेखरी आणि इटलीचे आंद्रेआ व अलेस्सिओ सेच्ची. जमीन, पाणी आणि स्थानिक पाठबळ अकलूजकरांकडे होते. व्यापाराचा अनुभव आणि उत्तरेकडील बाजारपेठेची ओळख दिल्लीकरांकडे होती. विद्या इटलीतून आली. टस्कनीतील अनुभवी वाइननिर्माते पिएरो मासी यांनी या उपक्रमाची तांत्रिक धुरा उचलली. 2007 च्या सुमारास फ्रान्समधून वाइनच्या जातींची रोपे आणून लागवड झाली आणि त्यानंतर तीनेक वर्षांनी बाटल्या बाजारात आल्या.

या तिघांपैकी कोणीही एकट्याने हा उद्योग उभारू शकला नसता, हा येथील महत्त्वाचा मुद्दा आहे. प्रत्येकाची उणीव निराळी होती आणि ती दुसऱ्याच्या बळाने भरून निघत होती. त्यात काळाचीही साथ मिळाली. 2008 मधील जागतिक मंदी आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईवर झालेला दहशतवादी हल्ला यांमुळे पर्यटन आणि हॉटेल व्यवसाय थंडावला आणि वाइनची मागणी कोसळली. त्या वेळी माळशिरसच्या वेली अजून फळावर यायच्या होत्या. इतरांची तळघरे न खपलेल्या वाइनने भरत असताना या भागीदारांना थांबण्याची मुभा होती.

एकसारख्यांची गर्दी

ज्यांना ती मुभा नव्हती त्यांची कथा वेगळी आहे. राज्य सरकारने 2001 मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी धोरण आखले. उत्पादन शुल्कात सवलत दिली, परवाने सुलभ केले आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्कसाठी भूखंड राखले. द्राक्षबागाईतदारांनी आणि लहान उद्योजकांनी एकत्र येऊन आपल्याच मालावर प्रक्रिया करावी, ही त्यामागील कल्पना उत्तम होती. परंतु एकत्र आलेल्यांकडे बहुधा एकाच प्रकारचे बळ होते. द्राक्ष पिकवणे सर्वांना येत होते. वाइन विकणे थोड्यांनाच. सर्वांना तोच मुंबई-पुण्याचा ग्राहक हवा होता आणि सर्वांना एकाच हंगामात खेळते भांडवल लागत होते. मंदी आली तेव्हा सर्वांच्या उणिवा एकाच वेळी उघड्या पडल्या. पलूसच्या पार्कात अपेक्षेइतके उद्योग उभे राहिलेच नाहीत. नाशिक परिसरात अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या जातींच्या बागा काढून टाकल्या.

वाइनच्या द्राक्षांचा एक गुणधर्म येथे ध्यानात घ्यावा लागतो. थॉमसन सीडलेससारख्या खाण्याच्या द्राक्षाला भाव मिळाला नाही तर त्याचा बेदाणा करता येतो. सोलापूर आणि सांगलीच्या शेतकऱ्याचा तो हुकमी आधार आहे. वाइनच्या जातींचे मणी लहान, बी मोठे आणि साल जाड. ते ना ताटात शोभतात, ना बेदाण्याच्या शेडवर चालतात. त्यांना गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे वायनरी. त्यामुळे वायनरीने खरेदी थांबवली की शेतकऱ्यापुढे कुऱ्हाडीखेरीज मार्ग उरत नाही. कागदावर तो पुरवठादार असतो, पण जोखमीत मात्र तो पूर्ण भागीदार असतो.

बिअरचे निराळे गणित

लहान बिअर उत्पादकांची अडचण काहीशी वेगळी आहे. महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरीची चळवळ 2009 मध्ये पुण्यात 'डूलाली'पासून सुरू झाली. हे नाव नाशिकजवळच्या देवळालीच्या लष्करी छावणीवरून इंग्रजीत रूढ झालेल्या शब्दाचे आहे. पुढे 'इंडिपेंडन्स', 'गेटवे', 'ग्रेट स्टेट' अशी नावे पुण्या-मुंबईत आली. बिअरला वेलीसारखी तीन वर्षे वाट पाहावी लागत नाही. काही आठवड्यांत माल तयार होतो. पण ताजी, न गाळलेली बिअर टिकतही नाही. तिला थंड साठवण, स्वच्छ पिंपे आणि जवळचा ग्राहक लागतो. किण्वनाची टाकी एक दिवस रिकामी राहिली तरी कर्जाचे व्याज थांबत नाही. म्हणूनच एकाच्या रिकाम्या टाकीत दुसऱ्याने बिअर तयार करावी, पिंपे आणि शीतवाहने सामायिक असावीत, माल्ट व हॉप्स यांची खरेदी एकत्र व्हावी, हे या व्यवसायात व्यवहाराचे शहाणपण ठरते.

अडसर येतो तो कायद्याचा. मद्य हा आपल्याकडे राज्यांच्या अखत्यारीतील विषय असून परवाना विशिष्ट जागेला आणि विशिष्ट धारकाला बांधलेला असतो. महाराष्ट्रातील मायक्रोब्रुअरीला पिंपांतून इतर परवानाधारक उपाहारगृहांना बिअर पुरवता येते. कर्नाटकातील ब्रूपबला आपली बिअर आपल्याच छपराखाली विकावी लागते. म्हणूनच बंगळुरूच्या 'आर्बर'ला आपली बिअर डबाबंद करून विकण्यासाठी गोव्यात उत्पादन करावे लागले. दोन शेजारी राज्यांतील लहान उत्पादकांनी हातमिळवणी करायची म्हटले, तर त्यांना दोन करपद्धती, लेबलांच्या दोन मंजुऱ्या आणि आयात-निर्यातीचे शुल्क यांतून वाट काढावी लागते. मोठ्या कंपनीला हा खर्च जाणवत नाही. लहानाला तो नफ्याहून मोठा होतो.

अमेरिकेत या सहकार्याची परंपरा अधिक मोकळी आहे. तेथील एव्हरी आणि रशियन रिव्हर या दोन लहान ब्रुअरींच्या बिअरचे नाव योगायोगाने एकच निघाले. न्यायालयात जाण्याऐवजी त्यांनी 2006 मध्ये दोन्ही बिअर एकत्र करून तिसरी बाजारात आणली. 2018 मध्ये कॅलिफोर्नियातील भीषण वणव्यानंतर सिएरा नेवाडा या ब्रुअरीने आपली एक कृती सर्वांना खुली केली आणि हजाराहून अधिक ब्रुअरींनी ती बिअर तयार करून मदतनिधी उभारला. परंतु त्याच देशात 'कॅनार्की' या नावाने एकत्र आलेला लहान ब्रुअरींचा समूह 2022 मध्ये मॉन्स्टर या शीतपेय कंपनीने 33 कोटी डॉलरना विकत घेतला. नाव किंवा कृती वाटून घेणारी मैत्री गोड असते, पण तिच्याने कर्ज फिटत नाही. मालकी एकत्र केली तर बळ येते. मात्र विक्रीचा निर्णयही मग एकाच टेबलावर होतो.

माळीनगरचा वारसा

मालकी वाटून घेण्याचा आणखी एक प्रकार माळशिरस तालुक्याला वाइन येण्यापूर्वीच माहीत होता. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यामागे सासवडहून आलेल्या माळी शेतकऱ्यांनी 1932 मध्ये आपला साखर कारखाना स्थापन केला आणि माळीनगर वसले. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याच्याही बरीच वर्षे आधी, ऊस पिकवणाराच कारखान्याचा भागधारक असू शकतो, हे या कंपनीने दाखवून दिले. 1934 मध्ये चंद्रशेखर आगाशे यांनी स्थापलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटने श्रीपूर येथे कारखाना उभारला आणि तेथे मद्यार्कनिर्मितीही झाली. स्वातंत्र्यानंतर शंकरराव मोहिते-पाटलांनी अकलूजला सहकाराची बैठक दिली. सहकाराचे पुढे झालेले राजकारण आणि अनेक कारखान्यांवर चढलेले कर्ज यांविषयी बरेच लिहिले गेले आहे. तरीही माल पिकवणाऱ्याला नफ्यात वाटा असावा, हे त्यामागील मूळ तत्त्व त्यामुळे खोटे ठरत नाही.

या कसोटीवर 'फ्रॅटेली'ची भागीदारी अपुरी पडते. तिने सुरुवातीपासून स्वतःच्या मळ्यांतील द्राक्षांवर भर दिला. गुणवत्तेच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता, कारण वाइनची प्रत वेलीच्या छाटणीपासून ठरते. माळरानाला उत्पन्न मिळाले, काही हातांना काम मिळाले. मात्र शेजारच्या वेळापूरचा दोन एकरांचा बागाईतदार या वर्तुळाबाहेरच राहिला. 2024 मध्ये हा उद्योग भांडवली बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या रूपात आला. म्हणजे मुंबई-दिल्लीतील अनोळखी गुंतवणूकदार आता समभाग घेऊन त्याचा भागीदार होऊ शकतो. शेजारचा शेतकरी मात्र शेतकरी म्हणून होऊ शकत नाही.

हे अशक्य नाही. 2002 मधील दुरुस्तीने कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीची तरतूद झाली आणि दहा शेतकरीही अशी कंपनी स्थापू शकतात. नाशिकच्या 'सह्याद्री फार्म्स'ने याच चौकटीत खाण्याच्या द्राक्षांची निर्यात उभी केली. तिथे शेतकऱ्यांनी केवळ एकत्र येऊन भागवले नाही; व्यवस्थापन, शीतगृहे आणि परदेशी बाजाराचे ज्ञान त्यांनी जोडून घेतले. वाइनमध्ये अशी उत्पादक कंपनी वायनरीच्या भागभांडवलात शिरली, तर मंदीत खरेदी थांबवण्याचा निर्णय शेतकऱ्याच्या पाठीमागे होणार नाही. बिअरच्या बाबतीतही हे लागू पडते. बार्ली मुख्यतः राजस्थान आणि उत्तरेकडून येते. ज्वारीची बिअर ही मात्र कविकल्पना नव्हे. 1988 मध्ये बार्ली माल्टच्या आयातीवर बंदी आल्यावर नायजेरियातील मोठ्या ब्रुअरी ज्वारीकडे वळल्या होत्या. भौगोलिक मानांकन लाभलेली मंगळवेढ्याची ज्वारी वेळापूरपासून दूर नाही.

वारीच्या वाटेवरील आक्षेप

यावर एक मूलभूत आक्षेप आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. पालखीमार्गावरील तालुक्याने मद्याच्या आधारे समृद्धी शोधावी काय? राज्यघटनेच्या 47 व्या कलमाने राज्यांना दारूबंदीच्या दिशेने जाण्याचा निर्देश दिला आहे. 2007 मध्ये धान्यापासून मद्यनिर्मितीला अनुदान देण्याच्या धोरणावर टीकेची झोड उठली होती. जानेवारी 2022 मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा शेतकऱ्याचे हित हेच कारण पुढे करण्यात आले. विरोध इतका तीव्र झाला की तो निर्णय अमलात आला नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना शेतकऱ्याचे नाव ही पळवाट वाटली तर नवल नाही.

या आक्षेपाला घोषणेने उत्तर देता येणार नाही. शेतकऱ्याच्या नावाने सवलत मागितली जात असेल, तर तिच्यातील किती हिस्सा शेतकऱ्यापर्यंत पोहोचतो, हे दाखवावे लागेल. वाइनवरील 20 टक्के मूल्यवर्धित करापैकी 16 टक्के उत्पादकांना परत देण्याची योजना राज्याने डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा सुरू केली. अशा परताव्याला द्राक्षउत्पादकाशी दीर्घ मुदतीचा खरेदी करार किंवा त्याचा भागभांडवलातील वाटा ही अट जोडणे सरकारच्या हाती आहे. लहान ब्रुअरींना सामायिक यंत्रणा वापरण्याची मुभा देताना स्थानिक धान्याच्या खरेदीची अट घालता येईल. परवान्याची चौकट सैल करायची तर ती या मोबदल्यात करावी.

माळशिरसच्या तीन भावांच्या जोड्यांनी एक गोष्ट सिद्ध केली. निरनिराळे बळ असलेले लोक जोखीम वाटून घेतात, तेव्हा दुष्काळी माळावरही नवा उद्योग रुजतो. माळीनगरने त्यापूर्वी आणखी एक गोष्ट सिद्ध केली होती. पिकवणारा मालक झाला तर गाव उभे राहते. हे दोन धडे एकाच तालुक्यात शेजारी शेजारी असूनही अद्याप एकमेकांना भेटलेले नाहीत. ते भेटेपर्यंत वेळापूरच्या बागाईतदाराला शेजारच्या मळ्याच्या भरभराटीचे कौतुक वाटेल. ती आपली वाटण्याचे मात्र त्याला कारण नाही.