गाणं पाठवा, पण सोबत दोन ओळीही

मंडळी, आज थोडं भांडायला बसलो आहे. भांडण गाण्यांशी नाही, गाणी पाठवणाऱ्यांशी आहे. त्यात माझे भाऊ, भाचे, व्याही आणि माझ्यासारखेच निवृत्त झालेले मास्तरमित्र, सगळेच आले. तेव्हा कुणीही 'हे मला उद्देशून नाही' असं समजू नये!

सकाळी मोबाईल हातात घ्यावा तर यूट्यूबच्या सात-आठ लिंका येऊन पडलेल्या असतात. कुणी पाठवल्या ते कळतं, का पाठवल्या ते कळत नाही. खाली पंधरा जणांचे अंगठे. कुणीतरी 'अप्रतिम!' असंही लिहिलेलं असतं. सहा मिनिटांचं गाणं अर्ध्या मिनिटात ऐकून अप्रतिम कसं ठरतं? मी जन्मभर मराठी शिकवलं, पण एवढं गणित मलाही येतं.

माझं म्हणणं साधं आहे. गाण्याचा व्हिडिओ आता कुणालाही मिळतो. २००५ साली यूट्यूब सुरू झालं आणि पुढे मोबाईलवर आलं. आज उदगीरच्या किल्ल्याच्या तटावर बसून हवं ते गाणं बघता येतं. मग तुम्ही मला वेगळं असं काय देता? यूट्यूबपाशी नाही असं तुमच्यापाशी एकच आहे, ते म्हणजे त्या गाण्याची तुमची आठवण. नेमकी तीच तुम्ही घरी ठेवून घेता आणि बाकीचं पाठवता.

आमच्या लहानपणी गाणं वाटावं लागत नसे, ते सामाईकच असे. गल्लीत रेडिओ एक. त्याला लायसन लागायचं आणि त्याची फी पोस्टात भरावी लागायची. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर अमीन सायानींचा आवाज आला की त्या घराच्या ओट्यावर पंधरा-वीस डोकी जमत. बिनाका गीतमाला १९५२ सालची, आम्हाला तिची गोडी लागली ती साठ सालाच्या आसपास. गाणं वाजत असताना कोण मान डोलावतं, कोण गप्प होतं, अमुक गाणं लागलं की शेजारच्या काकू उठून आत का जातात, हे सगळ्यांना दिसायचं. गाणं कळायचं आणि त्याबरोबर माणूसही कळायचा. आता गाणं घरोघर पोचतं, पण ऐकणारा माणूस दिसत नाही. म्हणून तर दोन ओळी लिहायला हव्यात.

एक अनुभव सांगतो. आमच्या शाळेत उर्दू शिकवणारे एक ज्येष्ठ गुरुजी होते. उदगीर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळे उर्दू आमच्या कानावरची, पण सगळी समजायची असं नाही. 'बरसात की रात' (१९६०) मधली ती बारा मिनिटांची कव्वाली तुम्हाला आठवत असेल. शब्द साहिरचे, संगीत रोशनचं, आणि मन्ना डे, रफी, आशा भोसले, सुधा मल्होत्रा, बातिश असे एकाहून एक आवाज. गुरुजींनी तिचा अर्थ मला मधल्या सुट्टीत, बशीतून चहा पीत, रोज थोडा थोडा असा महिनाभर सांगितला. एकेका शब्दापाशी ते थांबायचे. घंटा झाली की उरलेला अर्थ उद्या!

गुरुजी जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मध्यंतरी ती कव्वाली मी प्रथमच यूट्यूबवर नीट पाहिली. पडद्यावर भारतभूषण होते, झगमगीत मुकाबला होता, पण मला दिसत होती ती गुरुजींची बशी. मी ती लिंक त्यांच्या हैदराबादला असलेल्या मुलाला पाठवली आणि सोबत हे सगळं लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "सर, अब्बा घरात गाण्याचं नावही काढत नसत. त्यांना हे आवडायचं, हे मला आज तुमच्याकडून कळलं." नुसती लिंक पाठवली असती तर तो म्हणाला असता, छान आहे, आणि पुढे गेला असता.

आता दुसरी बाजूही मांडतो. माझी नात पुण्याला नोकरी करते. ती म्हणते, "आजोबा, गाण्याला प्रस्तावना कशाला? चांगलं गाणं आपोआप पोचतं. तुम्ही गोष्ट सांगितली की मला ते तुमच्या चष्म्यातून ऐकावं लागतं." मुद्दा बिनतोड वाटतो. पण हीच नात दर वर्षी वाढदिवसाला 'सैराट' (२०१६) मधलं ते नाचाचं गाणं मला पाठवते. अजय-अतुल यांनी त्या सिनेमाच्या संगीताचा काही भाग लॉस एंजेलिसला जाऊन तिथल्या वादकांकडून वाजवून घेतला, हे सगळं मला मान्य आहे. तरी मला ते गाणं गोंगाटच वाटतं. आजही वाटतं.

एकदा मी तिला विचारलं, हेच गाणं का? तेव्हा तिनं सांगितलं. अकरावीला ती पुण्यात वसतिगृहात राहायला गेली. 'करायले', 'जायले' असं बोलली की मुली हसायच्या. ती बोलणंच कमी करत चालली होती. त्याच वर्षी सैराट आला. पडद्यावरची पोरगी आपल्या गावरान बोलीत ठसक्यात बोलली आणि सगळ्या महाराष्ट्रानं टाळ्या वाजवल्या. करमाळ्याकडची बोली काही आपली नव्हे, पण हसणाऱ्या मुलींना तेवढा फरक कुठला कळायला! त्याच मुली हिच्याकडे येऊन 'आम्हालाही तसं बोलायला शिकव' म्हणाल्या. वसतिगृहाच्या गच्चीवर ते गाणं लावून सगळ्या नाचल्या. त्या दिवसापासून ती पुन्हा आपल्यासारखं बोलू लागली.

आता सांगा, हे आजोबांना कळायला नको? गाणं 'आपोआप' पोचलं होतं ते गोंगाट म्हणून. नात पोचली ती त्या दोन ओळींमुळे.

आणि एक प्रसंग, जरा जड आहे. गणपती आले की आमच्या शिक्षकमित्रांत 'अष्टविनायक' (१९७९) मधलं ते आठ गणपतींचं गाणं हमखास फिरतं. आमच्यातला एक मित्र किल्लारीच्या बाजूच्या खेड्यातला. एका वर्षी त्यानं त्या गाण्याखाली लिहिलं, "त्या रात्री आमच्या गल्लीत हेच वाजत होतं."

लातूर जिल्ह्यातल्या माणसाला 'त्या रात्री' म्हणजे कुठल्या, हे सांगावं लागत नाही. २९ सप्टेंबर १९९३ ला विसर्जन झालं, माणसं दमून झोपली आणि पहाटे चारच्या सुमाराला भूकंपानं दगडमातीच्या जाड भिंती अंगावर आणल्या. मित्राचा धाकटा भाऊ त्यात गेला.

त्याची ती ओळ वाचून सगळे गप्प झाले. एकानं तर सुचवलं की यापुढे हे गाणं कुणी पाठवू नये. तेव्हा मित्रानंच लिहिलं, "पाठवा की. त्या रात्री भाऊ या गाण्यावर गुलालात नाचला होता. त्याचा नाचतानाचा फोटो माझ्याकडे नाही. हे गाणंच आहे." आता अनंत चतुर्दशीला तो स्वतःच ते पाठवतो, भावाचं नाव लिहून. आणि आम्ही ते शेवटपर्यंत ऐकतो. कुणी अंगठा दाखवत नाही.

इतकी वर्षं आम्ही त्याला तेच गाणं हसतखेळत पाठवत होतो आणि तो काय ऐकतो आहे याची आम्हाला कल्पना नव्हती. गाणं एकच असतं, पण प्रत्येकाच्या घरी ते वेगळं वाजतं. सांगितल्याशिवाय ते कळायचं कसं?

नातीची शंका मी अर्धी मान्य करतो. गोष्ट लांबली की गाणं गुदमरतं. प्रस्तावनाच चार पानांची असेल तर गाणं कोण ऐकणार? म्हणून दोनच ओळी. कधी ऐकलं, कुणाबरोबर ऐकलं, एवढं पुरे. आणि हो, गायकाबरोबर कवीचं नावही लिहा. 'जैत रे जैत' (१९७७) ची गाणी 'लतादीदींची गाणी', 'आशाताईंची गाणी' म्हणून फिरतात. ती लिहिणारे ना. धों. महानोर आपल्या मराठवाड्यातल्या पळसखेडचे, २०२३ साली गेले. त्यांचं नाव टाइप करायला काही कष्ट पडत नाहीत.

घेणाऱ्यानंही थोडं पाळावं. गाणं पूर्ण ऐकावं, मगच अंगठा. वेळ नसेल तर गप्प बसावं, पाठवणारा रागावत नाही. आणि पहाटे पाच वाजता भूपाळ्या पाठवणाऱ्यांनी, कृपा करून, सहा वाजू द्यावेत!

असो. भांडण संपलं. येत्या रविवारी प्रत्येकानं मला एकच गाणं पाठवा, कुठलंही चालेल, अगदी गोंगाटाचंही. सोबत दोन ओळी हव्यात. मी आधी त्या वाचीन, मग चष्मा काढून ठेवून गाणं ऐकीन.