आधी कान कॅलिब्रेट करा

चाकणच्या कंपनीत मायक्रोमीटरवरही विश्वास न ठेवणारा माणूस संध्याकाळी मोशीच्या फ्लॅटवर स्वतःच्या कानांवर डोळे मिटून विश्वास ठेवतो. हा चमत्कार मी आमच्या क्वालिटीवाल्यांत रोज पाहतो.

सकाळी हाच गडी सप्लायरला झापत असतो. गेज आर अँड आर कुठाय? मापातला चढउतार १० टक्क्यांच्या आत असेल तर बोला, ३०च्या वर गेला तर गेज बाद! आणि संध्याकाळी नव्या हेडफोन अ‍ॅम्पसमोर साहेब विरघळतात. "काय साउंडस्टेज आहे! पडदाच सरकला!" तपासणी काय केली? जुन्या अ‍ॅम्पची पिन काढली, नव्यात खुपसली, नॉब अंदाजे फिरवला. नवा अ‍ॅम्प किंचित मोठा वाजत होता, बस्स. आवाज अर्ध्या डेसिबलने वाढला तर तो 'मोठा' वाटत नाही, 'छान' वाटतो. दुकानदाराला हे पक्कं ठाऊक असतं; इंजिनिअरला नको?

अमेरिकेतल्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकाने जानेवारी १९८७च्या अंकात अ‍ॅम्प्लिफायरांची झाकून परीक्षा छापली होती. साध्या रिसीव्हरपासून महागड्या ट्यूब अ‍ॅम्पपर्यंत सगळे रांगेत. ऐकणाऱ्यांची उत्तरं छापा-काट्याच्या पुढे सरकली नाहीत.

म्हणजे सगळे अ‍ॅम्प सारखेच? मुळीच नाही. अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स १०० ओहम आणि इअरफोन १६चा असेल, तर स्वरांचा तोल ढळू शकतो, कारण इअरफोनचा इम्पिडन्स बहुधा प्रत्येक फ्रीक्वेन्सीला सारखा नसतो. संवेदनशील इअरफोनमध्ये गाणं थांबल्यावर अ‍ॅम्पची सूं ऐकू येते. ३०० ओहमच्या हेडफोनला दुबळा अ‍ॅम्प जोडून आवाज चढवा, तबल्याची थाप फाटते. हे फरक खरे आहेत आणि कानाला शिकवताही येतात.

कसे, ते आपल्याच लाइनच्या टोकाला बघा. गिअरबॉक्सचा आवाज तपासणाऱ्याला आधी चांगला आणि खराब असे मास्टर पीस ऐकवतात, मग नंबर झाकून, मिसळून देतात. घरीही तेच करा. हेडफोन जोडलेला ठेवून टेस्ट टोन लावा, मल्टिमीटरने दोन्ही अ‍ॅम्पचं व्होल्टेज एका टक्क्यात जुळवा. अदलाबदल बायकोला करू द्या, तुम्ही पाठ करून बसा. १० वेळा ऐका. ९ वेळा ओळखलंत तर मानलं. नुसत्या अंदाजाने तेवढं जमण्याची शक्यता जेमतेम एक टक्का आहे. पण ही परीक्षा कोणी देत नाही. पावती फाटलेली असते ना!

आणि कान तरी कसले? प्रेस शॉपमध्ये इअरमफ गळ्यात मफलरसारखा लटकवायचा, ऑडिटर दिसला की वर चढवायचा. कारखाना नियमांत ८ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. गोंगाटाने येणारा बहिरेपणा १९४८च्या कारखाने अधिनियमातही नोंद करण्याजोग्या रोगांच्या यादीत होता. हा बहिरेपणा बहुतेकदा ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतो, म्हणजे ज्या 'डिटेल'साठी तुम्ही ईएमआय भरताय, त्याच गल्लीत. वर्षाकाठी ऑडिओमेट्री होते, रिपोर्ट फाइलला लागतो, आणि अ‍ॅम्पचा डिस्टॉर्शन आकडा चार दशांशांपर्यंत पाठ असलेल्या माणसाला स्वतःचा ऑडिओग्राम माहीत नसतो.

यापुढे कोणी "ऐक, फरक कळतोय ना?" म्हणत हेडफोन पुढे केला, की मी आधी त्याचा ऑडिओग्राम मागणार आहे. मल्टिमीटर माझा मी आणेन.