पिंपावरचे नाव वाचा

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात मोटारींचे आणि स्कूटरींचे असंख्य लहानमोठे भाग तयार होतात. लेथवरून उतरलेला भाग तेलाने माखलेला असतो. त्यावर प्लेटिंग किंवा रंग चढवण्यापूर्वी हे तेल काढावे लागते. या कामासाठी जगभर अनेक दशके वापरले गेलेले एक द्रावक म्हणजे ट्रायक्लोरोएथिलीन. ते ८७ अंश सेल्सिअसला उकळते. टाकीच्या तळाशी ते उकळायचे आणि वर थंड भाग टांगायचा. बाष्प थंड धातूवर द्रवरूप होते आणि तेल घेऊन खाली ठिबकते. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने ही मोठी सुबक युक्ती आहे.

पण विद्यार्थी मित्रहो, हिशेब इथेच थांबवू नका. या पदार्थाचा रेणुभार सुमारे १३१ आहे, तर हवेचा सरासरी २९. म्हणजे त्याचे बाष्प हवेच्या साडेचार पट जड. टाकीबाहेर आलेले बाष्प जमिनीलगत आणि खड्ड्यांत साचते. टाकी साफ करायला आत वाकलेल्या कामगाराच्या नाकाशी ते नेमके असते. द्रवरूपात ते पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड आहे. सांडले तर ते भूजलात खोल उतरते आणि वर्षानुवर्षे थोडे थोडे विरघळत राहते.

याचा कंपवाताशी काय संबंध? लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या रोगाचे वर्णन केले. मेंदूतील डोपामीन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. हात कापतात, हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात. अमेरिकेतील कॅम्प लेजून या लष्करी तळाच्या पिण्याच्या पाण्यात ट्रायक्लोरोएथिलीन मिसळले होते. १९७५ ते १९८५ या काळात तेथे राहिलेल्या सैनिकांना, दुसऱ्या एका तळावरील सैनिकांपेक्षा, पार्किन्सनचा धोका सुमारे ७० टक्के अधिक असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

आता आतड्याकडे वळू. कंप सुरू होण्यापूर्वी कित्येक वर्षे अनेक रुग्णांना बद्धकोष्ठाचा त्रास असतो. जर्मन शास्त्रज्ञ हायको ब्राक यांनी २००३ साली असा विचार मांडला की काही रुग्णांत रोगाचा आरंभ आतड्यात होत असावा आणि प्राणेशा किंवा व्हेगस नावाच्या तंत्रिकेतून तो मेंदूपर्यंत चढत असावा. पुढे २०१० साली उंदरांना रोटेनोन हे कीटकनाशक अल्प प्रमाणात तोंडावाटे देण्यात आले. ते रक्तात वा मेंदूत सापडण्याइतके पोचले नाही. तरीही पार्किन्सनमध्ये आढळणारे प्रथिनाचे गोळे आधी आतड्याच्या मज्जाजालात आणि नंतर मेंदूत दिसले. आतड्याकडून जाणारी तंत्रिका कापली असता हा प्रसार रोखला जातो, असे त्याच गटाने २०१२ साली दाखवले.

यावरून घाईने निष्कर्ष काढू नये. बद्धकोष्ठ असलेल्या बहुतेकांना पार्किन्सन होत नाही. वय आणि आनुवंशिकता यांचाही वाटा आहे. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरतेच असे नाही.

"मग पूर्ण सिद्ध होईपर्यंत थांबू या," असे काहीजण म्हणतात. मला हे मान्य नाही. पंचविशीत टाकीजवळ काम केलेल्या माणसाचा हात साठीत कापू लागतो. तोपर्यंत नोकरी सुटलेली असते, शेड बंद झालेली असते, पिंपे भंगारात गेलेली असतात. नोंदच नसेल तर सिद्ध काय आणि कशावरून करणार? भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याची माहिती कामगारांना देणे आणि घातक रसायने हाताळणाऱ्यांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणे तेव्हा बंधनकारक झाले. ही शहाणपणाची गोष्ट दहा माणसांच्या शेडपर्यंतही पोचली पाहिजे.

पर्याय उपलब्ध आहेत. गरम पाणी आणि अल्कधर्मी साबणद्रव्य यांनी पुष्कळसे भाग धुता येतात. त्याला टाकी, वाळवणी आणि सांडपाण्याची प्रक्रिया यांचा खर्च येतो, हे खरे. तो एकट्या लहान कारखानदारावर लादणे न्याय्य नाही. भाग विकत घेणारा मोठा कारखाना मापाचा शतांश मिलिमीटर तपासतो; त्याने भाग कशाने धुतला हेही विचारावे आणि त्याची किंमत द्यावी.

तुमच्यापैकी अनेकांचे आईवडील या पट्ट्यात काम करतात. ते कामावर कोणती द्रावके वापरतात, हे त्यांना विचारा. पिंपावरचे नाव आणि धोक्याचे चिन्ह वहीत उतरवून घ्या. रसायनाचे रिकामे पिंप घरात पाणी साठवण्यासाठी मुळीच वापरू देऊ नका. शिक्षकांनी या नावांची यादी वर्गात करून प्रत्येक पदार्थाचा उत्कलनबिंदू, घनता आणि धोका शोधून काढायला सांगावे. तीस वर्षांनी एखाद्या डॉक्टराने "तुम्ही कशाजवळ काम करत होता?" असे विचारले, तर त्या घरी उत्तर लिहिलेले असेल.