बुबुळावरची काच

चाळिशी उलटली की आपण डोळ्यांचे प्रेशर तपासतो. आकडा दहा ते एकवीसमध्ये बसला की काचबिंदू नाही असे धरून घरी येतो. माझ्या मते एवढ्यावर निर्धास्त होणे बरे नव्हे; काचबिंदूत गेलेली नजर परत मिळत नाही.

गोल्डमान यांचे यंत्र १९५० च्या दशकातले. ते कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, हलकेच दाबून प्रेशर मोजते. पडदा सुमारे ५२० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड, असे त्यात गृहीत आहे. पडदा पातळ असला तर यंत्र प्रेशर कमी दाखवते, जाड असला तर जास्त. आणि माणसे काही एका साच्यातली नसतात. बार्बाडोस बेटावरच्या पाहणीत गोऱ्यांची सरासरी जाडी ५४५ निघाली, काळ्यांची ५३०. आपल्या नागपूरजवळच्या खेड्यांत २०१० च्या सुमारास साडेचार हजारांवर लोक तपासले, त्यांची सरासरी ५१४!

म्हणून ‘भारतीय डोळा पातळ’ असा शिक्का मारू नये. त्याच खेड्यांत एकाचा पडदा ४८० तर शेजाऱ्याचा ५५० असणे अगदी साधारण आहे. शाखेची सरासरी शिल्लक पाहून आम्ही बँकवाले कुणा खातेदाराला कर्ज देत नव्हतो, त्याचे खाते उघडून बघत होतो. डोळ्याचेही खाते उघडता येते. त्या तपासणीला पॅकीमेट्री म्हणतात. बधिर करणारा थेंब घालून दोन मिनिटांत ती उरकते. प्रेशर तपासाल तेव्हा हाही आकडा केसपेपरवर लिहून मागा.